वाफा तापवायचा, पण ऊब किती खोल जाते?

मैत्रिणींनो, एप्रिल लागला की आपल्या गटांच्या रोपवाटिकांमध्ये वाफे झाकायची लगबग सुरू होते. माती भिजवायची, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून अंथरायचं, कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे उन्हाला कामाला लावायचं. उन्हानं माती तापवून बुरशी आणि तणाचं बी मारायची ही रीत. 1976 साली इस्रायलमध्ये याकोव कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा पहिला शास्त्रीय अहवाल मांडला. पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत तूर आणि हरभऱ्याच्या मर रोगावर तिचे प्रयोग झाले. औषधाचा खर्च नाही, ऊन फुकट. फक्त प्लॅस्टिकला पैसे लागतात.

मग एकाच गावात एका गटाची रोपं टवटवीत आणि दुसऱ्या गटाच्या मिरचीची रोपं दोन पानांवर असताना माना टाकतात, असं का होतं? प्लॅस्टिक दोघींचं सारखंच, दिवसही तेवढेच. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "अगं, हात लावला तर चटका बसत होता, इतकी तापली होती माती!" वरची माती तापली होती हे खरंच आहे. पण रोपाची मुळं वरच्या बोटभर मातीत थोडीच राहतात? ती खाली जातात, आणि कोलमडवणारी बुरशीही खाली दबा धरून बसलेली असते. चटका वर बसला म्हणून ऊब खाली पोचली असं होत नाही. ती किती पोचते हे मातीच्या अंगच्या एका गुणावर ठरतं, त्याला उष्णता वाहून न्यायची ताकद म्हणू. या गुणाचा अंदाज घरच्या घरी कसा काढायचा, ते या लेखात सांगते. संकरित मिरची-टोमॅटोचं बी किती महाग पडतं हे रोपवाटिकेचा हिशेब लिहिणाऱ्या ताईला विचारा. एक वाफा बसला तर बी जातं, शेतकऱ्यानं बुक केलेली रोपं जातात, आणि गटाचा कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतोच.

राखेतला निखारा

आपल्या आज्या रात्री चुलीतला निखारा राखेत झाकून ठेवायच्या आणि सकाळी फुंकर घालून त्यावरच चूल पेटवायच्या. रात्रभर तो जिवंत राहायचा तो राखेमुळं. राख भुसभुशीत, तिच्या कणाकणांत हवा अडकलेली, आणि अडकलेली हवा उष्णता फार सावकाश पुढे देते. गोधडीचं तेच. गोधडी स्वतः काही ऊब तयार करत नाही, थरांमधली हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही इतकंच.

कोरडी मोकळी माती ही एक प्रकारची गोधडीच आहे. मातीचा कण हा दगडाचा तुकडा, तो उष्णता बऱ्यापैकी नेतो. पण कण एकमेकांना टेकतात ते नुसत्या टोकाला, बाकी सगळ्या फटीत हवा. उष्णतेला एका कणातून दुसऱ्यात जायला सुईच्या टोकाएवढी वाट मिळते. आता त्या मातीत पाणी घाला. पाणी आधी कण जिथं टेकतात तिथंच जाऊन बसतं आणि दोन कणांमध्ये पूल बांधतं. म्हणून थोड्याशा ओलीनंही मोठा फरक पडतो.

हा गुण वॅटच्या हिशेबात मोजतात. मीटरभर जाडीच्या थराच्या दोन बाजूंत एका अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटरातून दर सेकंदाला किती उष्णता जाते तो आकडा. स्थिर हवेचा आकडा 0.025 च्या आसपास, पाण्याचा 0.6, म्हणजे हवेच्या वीस पटींहून जास्त. वाळूतल्या गारेच्या कणाचा तर 8 च्या आसपास. पुस्तकांत दिलेले मातीचे ठोकळ आकडे असे: कोरडी वाळूची माती 0.3, तीच पाण्यानं भरली तर 2.2. चिकणमाती कोरडी 0.25, भरलेली 1.6 च्या जवळ. आणि पालापाचोळा कुजून झालेली हलकी, काळसर, स्पंजासारखी माती कोरडी असताना फक्त 0.06, पूर्ण भिजली तरी 0.5. हा शेवटचा आकडा रोपवाटिकावाल्या ताईंनी नीट वाचावा. वाफ्यात जितकं जास्त शेणखत आणि कोकोपीट, तितकी ऊब खाली जायला अवघड. खत घालू नका असं मी म्हणत नाही. पण एकाच वाफ्यात निम्मं खत मिसळून वर प्लॅस्टिक टाकलं, तर गोधडी पांघरून शेकत बसल्यासारखं होतं.

रंगाबद्दलही एक गैरसमज काढून टाकू. काळी माती जास्त तापते, म्हणून तीच ऊब जास्त आत नेते असं बऱ्याच जणींना वाटतं. काळा रंग ऊन जास्त पितो हे बरोबर आहे. 1930च्या दशकात पुण्याला हवामान खात्यात एल. ए. रामदास यांनी काळ्या मातीवर खडूची पांढरी पूड पसरून बघितली, तर माती लक्षणीय थंड राहिली. रंगाचा परिणाम एवढा मोठा. पण रंग ठरवतो ते वर किती ऊन मुरतं हे. मुरलेली ऊब खाली किती जाते ते ओल, दाब आणि पोत ठरवतात. भेगाळलेल्या कोरड्या काळ्या रानात दुपारी अनवाणी उभं राहवत नाही, पण तिथंच वीतभर खोल हात घातला तर माती गारच लागते. वरची ऊब खाली जाऊ शकत नाही, म्हणून तर वर इतका चटका.

आधी हातानं अंदाज

यंत्र हातात घ्यायच्या आधी माती हातात घ्या. वीतभर खोलीची माती उकरून तिला थोडं पाणी लावा, मळा, आणि अंगठा व तर्जनी यांत दाबत पट्टी काढा. पट्टी निघतच नसेल, खरखर लागत असेल तर वाळू जास्त. बोटाच्या दोन पेरांहून लांब पट्टी न तुटता निघाली तर चिकणमाती. मधलं काही असेल तर पोयट्याची. ओल सारखी असेल तर वाळूची माती चिकणमातीपेक्षा ऊब लवकर नेते, कारण गारेचे कण.

मग ओल. आपल्याला वाफसा कळतो, त्यासाठी कुणाचं पुस्तक नको. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, तळहाताला पाणी सुटू नये, आणि गोळा कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की फुटावा. पेरणीला हा वाफसा जसा चांगला, तसाच ऊब नेण्यालाही. इथं एक गंमत आहे, ती समजून घेऊ.

भरपूर पाणी असेल तर माती उष्णता अधिक नेते, हे वरच्या आकड्यांत दिसलं. मग वाफ्याचा चिखलच करावा का? नको. पाणी स्वतः तापायला फार उष्णता खातं. पातेल्यात पाणी तापायला किती वेळ लागतो आणि रिकामी कढई किती लवकर तापते ते आठवा. चिखल झालेल्या वाफ्यात उष्णता पुढे सरकते खरी, पण वाटेतल्या पाण्यालाच तापवण्यात बरीच संपते. एकीकडे पुढे न्यायची ताकद, दुसरीकडे वाटेत पिऊन टाकायची भूक. या दोन्हींचा मेळ वाफशाच्या आसपास चांगला बसतो. म्हणूनच प्लॅस्टिक टाकायच्या आधी पाणी द्यायचं, आणि एक-दोन दिवस थांबून वाफशावर झाकायचं. भारी काळ्या रानात कधी जास्तही थांबावं लागतं. ओल्या मातीत बुरशी आणि तणाचं बी जागं होतं, आणि जागं झालेलं लवकर मरतं, हा आणखी एक फायदा.

तिसरी गोष्ट दाब. भुसभुशीत, ढेकळं राहिलेला वाफा ऊब नेत नाही. ढेकळं फोडून, फळीनं वरून हलकं चोपून घ्या. पायानं तुडवून दगड करू नका, पुढे त्यातच बी टाकायचं आहे. प्लॅस्टिक आणि माती यांच्यामध्ये हवेचा फुगा राहू नये म्हणूनही हे सपाट करणं महत्त्वाचं.

मासिक बैठकीत हे सगळ्यांना दाखवायचं असेल तर सोपा प्रयोग आहे. दोन सारखे स्टीलचे पेले घ्या. एकात कोरडी माती, दुसऱ्यात तीच माती वाफशाची करून, दोन्ही सारखंच ठोकून भरा. मधोमध एकेक थर्मामीटर. दोन्ही पेले गरम पाण्याच्या पातेल्यात गळ्यापर्यंत ठेवा आणि मंद आचेवर पाणी साधारण एकाच तापमानाला राखा. वाफशाच्या पेल्यातला काटा आधी वर जातो, कोरड्यातला मागे राहतो. बैठकीतला चहा होईपर्यंत फरक दिसतो.

थर्मामीटर लावून खरा अंदाज

हातानं कळतं ते बरं-वाईट. किती, ते कळायला थर्मामीटर हवा. ताप मोजायचा थर्मामीटर इथं अजिबात वापरू नका. तो 42 अंशांपर्यंतच असतो आणि आपल्या वाफ्यात त्याची काच फुटायची. मासे पाळायच्या काचपेटीला लावतात तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर स्वस्त असतो, वायरचं टोक मातीत पुरता येतं आणि आकडा बाहेर बसून वाचता येतो. असे दोन घ्या. आणल्यावर आधी दोन्हींची टोकं एकाच तांब्यातल्या पाण्यात धरा. दोघांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर तो लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक वेळी वजा करा.

मोठा वाफा झाकायच्या आठ-दहा दिवस आधी मीटरभर लांब-रुंद तुकडा त्याच पद्धतीनं तयार करून झाका. मधोमध एक टोक 5 सेंटिमीटर खोल, दुसरं 15 सेंटिमीटर खोल. हवामान खात्याच्या शेती वेधशाळांतही जमिनीचं तापमान 5, 10, 20 सेंटिमीटर अशाच खोल्यांवर घेतात, तेव्हा आपण काही वेगळं करत नाही. खड्डा उकरून टोक ठेवू नका, मोकळ्या केलेल्या मातीत हवा राहते. बाजूनं छोटी चर काढून तिच्या उभ्या कडेत, न हललेल्या मातीत, टोक आडवं खुपसा आणि चर ठोकून बुजवा. प्लॅस्टिकमधून वायर काढली तिथं चिकटपट्टी लावा.

दोन दिवस तसंच राहू द्या. तिसऱ्या दिवसापासून, आभाळ स्वच्छ असेल तेव्हा, पहाटे सहापासून रात्री दहापर्यंत दर तासाला दोन्ही आकडे लिहा. दुपारी दोननंतर अर्ध्या तासाला लिहिलं तर आणखी चांगलं. एकटीनं होण्यासारखं हे काम नाही, पाळ्या लावून घ्या. दहावी-बारावीतल्या मुली हे आवडीनं करतात, त्यांच्या प्रकल्पालाही उपयोग होतो.

काय दिसेल? 5 सेंटिमीटरवरचा आकडा दुपारी तीनच्या सुमारास सर्वांत वर जाईल. 15 सेंटिमीटरवरचा त्या वेळी अजून चढतच असेल, आणि त्याचा कळस संध्याकाळी, कधी कधी दिवेलागणीनंतर येईल. वर दिवस मावळला तरी खाली अजून दुपार चाललेली. सूर्याची ऊब लाटेसारखी खाली सरकते, आणि दोन कळसांमध्ये गेलेला वेळ म्हणजे त्या लाटेला 10 सेंटिमीटर जायला लागलेला वेळ.

आता एकच भागाकार. 38 ला त्या तासांनी भागा. चार तास लागले असतील तर 38 भागिले 4, म्हणजे साडेनऊ. ही झाली आपल्या मातीची ऊबखोली, सेंटिमीटरमध्ये. 38 हा आकडा चोवीस तासांच्या फेऱ्यातून येतो, दोन थर्मामीटरांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर असेल तरच तो चालतो.

ऊबखोलीचा अर्थ असा. दिवस-रात्रीचा जो चढउतार वर आहे, तो तेवढं खोल गेल्यावर सोळा आण्यांतला सहा आणे उरतो. आणखी तेवढंच खोल गेलं की सहा आण्यांतले सहा आणे, म्हणजे जेमतेम सव्वादोन आणे. ज्यांनी आणे पाहिलेच नाहीत त्या लेकी-सुनांसाठी सांगते, शंभरातले सदतीस, मग चौदा.

दुसरी पडताळणी चढउतारावरून करता येते. प्रत्येक खोलीवरचा दिवसातला सर्वांत मोठा आकडा आणि सर्वांत लहान आकडा यांची वजाबाकी करा. खालचा लहान आकडा पहाटे न येता सकाळी उशिरा येतो, घाई करू नका. समजा वरची वजाबाकी 20 अंश आली आणि खालची 7, म्हणजे तिसऱ्या हिश्शाला थोडं वर. खाली निम्मा चढउतार उरला तर ऊबखोली सुमारे 14 सेंटिमीटर, तिसरा हिस्सा उरला तर 9, चौथा उरला तर 7. आपल्या उदाहरणात दोन्ही रीतींनी नऊ-साडेनऊच येते. प्रत्यक्षात दोन उत्तरांत एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरचा फरक राहील, कारण वरची आणि खालची माती अगदी सारखी नसते. तीन दिवसांची सरासरी घ्या आणि दोन्हींतलं लहान उत्तर धरा. पैशाच्या कामात कमी धरलेलं बरं.

ठोकळ मानानं, कोरड्या चिकणमातीची ऊबखोली 7 सेंटिमीटर, चांगल्या ओल्या चिकणमातीची 12, कोरड्या वाळूची 8, ओल्या वाळूची 14, आणि नुसत्या कुजक्या पाल्याची फक्त 5 च्या आसपास येते. तुमचा आकडा यात कुठं बसतो ते बघा.

ज्यांना पुढचा हिशेब करायचाय त्यांच्यासाठी

बारावी विज्ञानाची पोर घरात असेल तर तिला हा भाग द्या, बाकीच्यांनी सोडला तरी चालेल. ऊबखोलीवरून उष्णता वाहून न्यायचा खरा आकडा काढायला, माती वाटेत किती उष्णता पिते तेही लागतं. त्यासाठी एक लिटरचा डबा, वजनकाटा आणि कढई पुरते. डब्याची दोन्ही तोंडं उघडी करून तो वाफ्यातल्या न हललेल्या मातीत ठोका, भरलेली माती काढून वजन करा. समजा दीड किलो भरली. मग ती कढईत मंद आचेवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत, भाजून घ्या. राहिली सव्वा किलो. म्हणजे पाणी होतं पाव किलो. कोरडी माती पाण्याच्या फक्त पाचव्या हिश्शाएवढी उष्णता पिते, म्हणून सव्वाचा पाचवा हिस्सा पाव, त्यात पाण्याचा पाव मिळवला, झाला अर्धा. आपली लिटरभर माती अर्धा लिटर पाण्याइतकी उष्णता पिते.

आता ऊबखोलीचा वर्ग, गुणिले हा अर्धा, भागिले 66. साडेनऊचा वर्ग सव्वानव्वद, त्याचं निम्मं पंचेचाळीस, भागिले 66, उत्तर 0.68. हीच माती कोरडी असती तर? कोरड्या तुकड्यात लाटेला साडेपाच तास लागले, लिटरमध्ये कोरडी माती 1.1 किलो आणि पाणी जेमतेम 50 ग्रॅम निघालं असं धरा. ऊबखोली 6.9, उष्णता प्यायचा आकडा 0.27, आणि उत्तर येतं 0.2. तीच माती, तेच ऊन, फक्त पाणी दिलं आणि चोपून घेतली, तर उष्णता नेण्याची ताकद तिपटीहून वाढली.

माणसानं हा हिशेब फार पूर्वी करायला घेतला. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला जेम्स फोर्ब्स नावाच्या प्राध्यापकानं 1837 साली तीन वेगवेगळ्या जागी, एकीकडे खडकात, एकीकडे वाळूत, एकीकडे वालुकाश्मात, लांबच लांब थर्मामीटर पुरले होते. सर्वांत खोल होता तो फ्रेंच मापानं 24 फुटांवर. तिथं उन्हाळ्याची ऊब पोचायला जवळजवळ अर्धं वर्ष लागायचं, आणि कुठल्या जागी किती उशीर झाला यावरून ती जमीन उष्णता किती नेते ते काढलं. आपण 10 सेंटिमीटरवर तासांत करतो तेच. वर्षाची लाट दिवसाच्या लाटेपेक्षा सुमारे एकोणीस पट खोल जाते, म्हणून साडेनऊ सेंटिमीटर ऊबखोलीच्या मातीत वर्षाची ऊबखोली पावणेदोन-दोन मीटर होते. जुन्या लोकांनी ज्वारीची पेवं पुरुषभर खोल का काढली याचं एक कारण त्यात आहे. तिथं दुपार कधी होतच नाही, आणि उन्हाळ्याचाही थोडाच वाटा पोचतो.

आकडा हातात आला, आता वाफ्याचं काय करायचं?

बुरशी मरणं हे नुसत्या तापमानावर नाही, किती वेळ ते टिकलं यावरही आहे. 50 अंशांना मिनिटांत मरणाऱ्या कित्येक बुरशी 37 अंशांना मारायला दोन ते चार आठवडे लागतात. वरची पाच सेंटिमीटर माती पहिल्या काही दिवसांतच साफ होते. कस लागतो तो 15-20 सेंटिमीटरवर. तिथं दुपारचा चटका पोचत नाही, पण दिवसामागून दिवस माती मुळापासून थोडी थोडी उबदार होत जाते. प्लॅस्टिकखालची माती उघड्या मातीपेक्षा साधारण पाच ते दहा अंश जास्त तापते, आणि खाली ते हळूहळू साठतं. चार आठवड्यांत प्लॅस्टिक काढायची घाई म्हणूनच नडते, विशेषतः ऊबखोली कमी असेल तेव्हा.

माझं मत विचाराल तर ऊबखोली 10 च्या वर आली तर चार आठवडे, 8 ते 10 मध्ये असेल तर पाच-सहा. 8 च्या खाली आली तर आधी माती सुधारा, प्लॅस्टिक अंथरू नका. पुन्हा पाणी द्या, ढेकळं फोडा, चोपा, आणि दुसऱ्या तुकड्यात परत मोजा. खत जास्त झालं असेल तर त्यात निवडक पोयट्याची माती मिसळा. ढगाळ दिवस मोजायचे नाहीत, तेवढे पुढे वाढवायचे.

प्लॅस्टिक पारदर्शकच हवं. काळं प्लॅस्टिक स्वतः तापतं, ऊन खाली जाऊ देत नाही. 25 ते 50 मायक्रॉन जाडीचं पुरतं, पातळ असलं तर ऊन जास्त आत येतं पण वारा आणि कुत्री ते फाडतात. भोक पडलं की लगेच चिकटवा, एवढ्याशा भोकातूनही वाफ निघून जाते आणि ओल गेली की ऊब नेणारे पूल तुटले. गादीवाफा मीटरभर तरी रुंद असू द्या. वाफ्याच्या कडेला ऊब बाजूनंही निसटते, त्यामुळं अरुंद वाफ्यात कडेची रोपंच आधी कोलमडतात.

लव्हाळ्यावर मात्र फार भरवसा ठेवू नका. त्याच्या गाठी ऊबखोलीच्याही खाली असतात आणि उष्णता बऱ्यापैकी सोसतात. लव्हाळा झाकायच्या आधी खणूनच काढावा लागतो.

प्लॅस्टिक काढल्यावर काही जणी उत्साहानं वाफा कुदळीनं खोल उलथतात. तेव्हा खालची न तापलेली माती, तिच्यातल्या बुरशीसकट, वर येते आणि सहा आठवड्यांचं काम एका सकाळी वाया जातं. जेवढं खोल तापलं तेवढ्याच्या आतच, म्हणजे वरचे दोन-तीन बोटं, खुरप्यानं हलवा आणि तिथंच ओळी पाडा. औजारं धुऊन घ्या, शेजारच्या वाफ्याची माती पायाला लावून यात येऊ नका. ट्रायकोडर्मा मिसळलेलं शेणखत घालायचं असेल तर ते आता घाला, माती थंड झाल्यावर. तापवायच्या आधी घातलं तर ट्रायकोडर्माही बुरशीच आहे, उन्हाला आपली-परकी कळत नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात झाकलेला वाफा मे संपता संपता उघडता येतो, आणि मृगाच्या आधी बी पडतं. मोजायच्या तुकड्यासाठी आठ दिवस धरले तर ते काम गुढीपाडव्यानंतर लगेच हाती घ्यावं लागेल. तारीख, ओल, 5 आणि 15 सेंटिमीटरचे आकडे, ऊबखोली आणि शेवटी शंभर बियांतली किती रोपं हातात आली, हे सगळं गटाच्या वहीत एका पानावर लिहा. जून संपल्यावर ते पान प्रभागसंघाच्या कृषी सखीकडे द्या. काळ्या, मुरमाड आणि पोयट्याच्या रानांतली पानं शेजारी शेजारी ठेवली की पुढच्या वर्षी कुणाला किती आठवडे झाकायचं ते आधीच सांगता येईल.